रूट वन, प्रिन्स्टन आणि माणदेशचा पाऊस

ऑक्टोबर २०२१ मधली एक सकाळ. हातात चहाचा कप आणि समोर लॅपटॉप, नेहमीसारखाच कामाचा दिवस. मीटिंग सुरू व्हायला पाच मिनिटं होती म्हणून बातम्या चाळल्या, तर पदार्थविज्ञानाचं नोबेल जाहीर झालेलं. तीन मानकऱ्यांपैकी एक स्युकुरो मानाबे. वय ९०. काम, पृथ्वीच्या हवामानाचं संगणकावरचं प्रारूप. काम केल्याचं ठिकाण, प्रिन्स्टन, न्यू जर्सी.

मंडळी, मी ती ओळ दोनदा वाचली. न्यू जर्सीत राहणाऱ्या आपल्यापैकी अर्ध्याअधिक लोकांची नोकरी कधी ना कधी रूट वनवर झालेली आहे. मीही कित्येक वर्षं त्या रस्त्यानं सकाळ-संध्याकाळ ट्रॅफिकला शिव्या देत जात होतो. रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर विद्यापीठाचा फॉरेस्टल कॅम्पस आहे. १९६८ सालापासून तिथे एक सरकारी प्रयोगशाळा आहे. नाव लांबलचक, जिओफिजिकल फ्लुइड डायनॅमिक्स लॅबोरेटरी. मानाबे तिथले. आणि त्यांचं एक काम माझ्या आयुष्यात सतरा वर्षं आधीच येऊन गेलं होतं. ते कसं, हे सांगण्यासाठी हा लेख.

फुकटचा पिझ्झा

मी मूळचा माण तालुक्यातला, सातारा जिल्हा. 'बनगरवाडी' वाचलेल्यांना माणदेश समजावून सांगायला नको. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, आणि तिथून शंभरएक किलोमीटरवर आमच्याकडे पाचशे मिलिमीटर पडला तर गाव खूश. तोही बहुतेक परतीचा. मृग आणि आर्द्रा कोरडीच जातात. उत्तरा आणि हस्त नक्षत्रांवर शाळूची भिस्त.

कराडला इंजिनिअरिंग करून २००३ च्या ऑगस्टमध्ये एम. एस. करायला अमेरिकेत आलो, मिडवेस्टातल्या एका सरकारी विद्यापीठात. त्या वर्षी गावाकडे भीषण दुष्काळ होता. आधीचं २००२ सालही वाईट गेलेलं. त्या वर्षी पाऊस सरासरीइतका होईल असा अंदाज होता, आणि देशभरात तूट झाली १९ टक्क्यांची. त्यामुळे आमच्या आण्णांचा अंदाज या शब्दावरच विश्वास उरला नव्हता.

विद्यापीठात खिसा रिकामा. सीनियर मुलांनी पहिल्याच आठवड्यात गुरुमंत्र दिला, "डिपार्टमेंटच्या सेमिनारला जात जा, पिझ्झा फुकट असतो." मग काय! कुठलाही विषय असो, आम्ही चार देशी पोरं शेवटच्या रांगेत हजर. २००४ च्या शरद ऋतूत असाच एका सेमिनारला गेलो. विषय होता हवामानाची प्रारूपं आणि आशियातला मोसमी पाऊस. बाहेरगावचे एक प्राध्यापक बोलायला आले होते.

त्यांनी पडद्यावर दोन नकाशे लावले. एका नकाशात नेहमीची पृथ्वी. दुसऱ्यात हिमालय आणि तिबेटचं पठार गायब, सगळं सपाट. "संगणकात डोंगर काढून टाकता येतात," ते म्हणाले. मी पिझ्झा खाली ठेवला.

पुढचा धक्का वेगळाच होता. पंधराव्या मिनिटाला पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या प्राध्यापकांनी हात वर केला आणि सरळ सांगितलं की तुमचं हे गृहीतक मला पटत नाही. मग दुसऱ्यानं. मग एका विद्यार्थिनीनं! आमच्याकडे पाहुण्या वक्त्याला शाल, श्रीफळ आणि आभारप्रदर्शन. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून व्याख्यान ऐकण्याची आपली परंपरा मोठी आहे. पण आम्ही ऐकतो, आणि मतभेद असले तर घरी जाताना रस्त्यात बोलतो. इथे वक्त्याला त्याच्या तोंडावर, त्याच्याच आलेखावर बोट ठेवून विचारत होते, आणि तो न चिडता उत्तर देत होता. एकदा तर म्हणाला, "बरोबर आहे तुमचं, हे मला तपासावं लागेल." आज माझ्या धंद्यात याला कोड रिव्ह्यू म्हणतात. तेव्हा मला ते अपमानासारखं वाटलं होतं.

सेमिनार संपल्यावर पिझ्झाच्या टेबलाशी मी धीर करून त्यांना गाठलं. विचारलं, "आमच्या गावात पुढच्या दहा वर्षांत पाऊस कसा होईल?"

प्रश्न भाबडा होता, पण उगाच नव्हता. दुष्काळानं कर्ज झालं होतं. खालच्या रानातली दोन एकर विकायची का, हा विषय घरी चालला होता, आणि आण्णांनी फोनवर विचारलं होतं, "तिकडं मोठी मोठी मानसं हायती, इचार की त्यास्नी."

प्राध्यापकांनी पेपर नॅपकिनवर एक चौकोन काढला. म्हणाले, "माझ्या मॉडेलमध्ये पृथ्वी अशा चौकोनांत कापलेली असते. यातल्या एका चौकोनाची बाजू अडीचशे किलोमीटर. यात तुझं गाव कुठे आहे?" मी मनात मोजलं. अरबी समुद्राचा किनारा, कोकण, महाबळेश्वर, आमचं गाव, सगळं एकाच चौकोनात. म्हणजे तिथे सह्याद्री नव्हताच! डोंगराच्या अलीकडे आणि पलीकडे एकच पाऊस. "मग तुझ्या गावाबद्दल मी काही सांगितलं तर ते खोटं असेल," ते म्हणाले.

कॉलिंग कार्डावर आण्णांना फोन लावला आणि हे सांगितलं. पलीकडे जरा वेळ शांतता. मग आण्णा म्हणाले, "म्हंजी तुमच्या यंत्रालाबी नक्षत्राएवढंच कळतंय की!"

त्या उन्हाळ्यात एक एकर विकलं. ते पुन्हा आपलं झालं नाही.

चोवीस तासांचा अंदाज, चोवीस तासांत

तो हिमालय संगणकातून कोणी काढला, याचा शोध मी पुढे नोकरीनिमित्त न्यू जर्सीला आल्यावर घेतला. त्याची मुळं निघाली आपल्याच परिसरात.

दुसऱ्या महायुद्धानंतर प्रिन्स्टनच्या इन्स्टिट्यूट फॉर अॅडव्हान्स्ड स्टडीमध्ये जॉन फॉन नॉयमन यांनी संगणकावर हवामानाचं गणित सोडवायचा विडा उचलला. जूल चार्नी या तरुण शास्त्रज्ञाकडे त्या गटाचं नेतृत्व होतं. १९५० च्या वसंतात मेरीलँडमधल्या एनिअॅक या संगणकावर पहिले अंदाज काढले गेले. चोवीस तासांच्या अंदाजाला गणित करायला लागले साधारण चोवीस तास! म्हणजे अंदाज हातात येईपर्यंत ते हवामान खिडकीतून दिसायचं. या कामाची आज्ञावली लिहिण्यात आणि तपासण्यात क्लारा फॉन नॉयमन आणि मार्गारेट स्मॅगोरिन्स्की यांच्यासारख्या स्त्रिया होत्या. आमच्या व्यवसायातल्या मुलींनी ही नावं लक्षात ठेवावीत.

पाच वर्षांनी त्याच संस्थेत नॉर्मन फिलिप्स यांनी उद्याचा अंदाज बाजूला ठेवून एक वेगळा प्रश्न विचारला. काहीच वारे नसलेली, नुसती सूर्यानं तापणारी पृथ्वी संगणकात सोडून दिली, तर तिच्यावर आपल्या ओळखीचे वारे आपोआप तयार होतील का? संगणकाची मुख्य स्मृती होती पाच किलोबाइट. तुमच्या फोनमधल्या एका फोटोलाही ती पुरणार नाही. तरीही सुमारे महिनाभराच्या कृत्रिम काळात वारे आणि वादळं उमटली, मग गणित कोसळलं. ऑक्टोबर १९५५ मध्ये प्रिन्स्टनला या प्रयोगावर चर्चा करायला शास्त्रज्ञ जमले. हवामान प्रारूपांचा इतिहास त्या बैठकीपासून मोजायला हरकत नाही.

त्याच वर्षी जोसेफ स्मॅगोरिन्स्की (वर उल्लेख केलेल्या मार्गारेट यांचे पती) यांनी वॉशिंग्टनजवळ एक छोटा सरकारी गट उभारला. तोच पुढे वाढून १९६८ मध्ये प्रिन्स्टनला आला. स्मॅगोरिन्स्कींनी १९५८ साली टोकियोहून एका तरुणाला बोलावून घेतलं. ते मानाबे. स्वतःच्या देशात मनासारखी नोकरी मिळेना म्हणून अमेरिकेत आलेला पोरगा. ही कथा आपल्याला काही नवीन नाही.

हवेचा एक खांब

कार्बन डायऑक्साइडमुळे पृथ्वी तापेल हा विचार जुना. स्वीडनच्या अऱ्हेनियस यांनी १८९६ मध्येच हातानं आकडेमोड केली होती. पण नक्की किती तापेल, यावर एकमत नव्हतं. १९६३ साली फ्रिट्झ मोलर या जर्मन शास्त्रज्ञाचं गणित एका गृहीतकावर १० अंशांच्या घरात गेलं, आणि ढगांत थोडा बदल केला की उत्तर पार पालटायचं. ही गडबड कुठे आहे हे शोधताना मानाबेंच्या लक्षात आलं की हिशेब नुसता जमिनीपाशी करून चालणार नाही. जमिनीवरची उष्णता वर जाते, हवा ढवळली जाते. तेव्हा खालपासून वरपर्यंत सगळ्या हवेचा हिशेब एकत्र मांडायला हवा.

संपूर्ण पृथ्वी संगणकात मावत नव्हती. मग त्यांनी आणि रिचर्ड वेदराल्ड यांनी हवेचा एकच उभा खांब घेतला. १९६७ च्या त्यांच्या निबंधात हवेतलं बाष्प आहे तेवढंच ठेवून कार्बन डायऑक्साइड दुप्पट केला, तर तापमान सुमारे १.३ अंशांनी वाढलं. पण हवा तापली की ती जास्त बाष्प धरते, आणि बाष्प स्वतः उष्णता अडवतं. ते गणितात घेतल्यावर वाढ झाली २.३ अंशांच्या आसपास.

आणखी एक गोष्ट त्या खांबात दिसली. खालची हवा तापते, पण वरचं स्थितांबर थंड होतं. तापमानवाढीला सूर्य कारणीभूत असता तर वरची हवाही तापली असती. पुढे काही दशकांनी फुगे आणि उपग्रह यांच्या नोंदींत नेमकं हेच दिसलं, खाली गरम, वर थंड. चोराच्या बोटांचे ठसे चोरी पूर्ण व्हायच्या आधी काढून ठेवावेत, तसं हे झालं.

मग हा आकडा सेमिनारच्या खोल्यांमधून फिरत राहिला आणि मार खात राहिला. १९७९ च्या जुलैमध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वुड्स होल इथे चार्नींच्या अध्यक्षतेखाली एक समिती बसली. मानाबेंची प्रारूपं आणि न्यूयॉर्कच्या जेम्स हॅन्सन यांची प्रारूपं समोर ठेवून त्यांनी खोट शोधायचा प्रयत्न केला. निष्कर्ष निघाला ३ अंश, दीड अंश इकडे-तिकडे. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय अहवालातला उत्तम अंदाज? तीनच अंश. फक्त शक्यतेची मर्यादा आवळून अडीच ते चार झाली. ज्या आकड्यावर चाळीस वर्षं जगभरच्या हुशार माणसांनी तोंडावर शंका घेतल्या आणि जो तरीही टिकला, त्याच्यावर विश्वास ठेवायला माझी हरकत नाही. मोनालोआच्या उतारावर १९५८ मध्ये मोजणी सुरू झाली तेव्हा हवेत दहा लाखांत ३१५ भाग कार्बन डायऑक्साइड होता. आता तो ४२० च्या पुढे गेला आहे.

हिमालय काढला तर?

आता येतो आपल्या पावसाकडे. १९७५ मध्ये डग्लस हान आणि मानाबे यांनी प्रिन्स्टनच्या प्रारूपात एकदा डोंगर ठेवून आणि एकदा काढून आशियातला पावसाळा चालवून पाहिला. डोंगर काढल्यावर कमी दाबाचा पट्टा आपल्या डोक्यावर येण्याऐवजी दूर ईशान्येकडे जाऊन बसला, आणि पाऊस भारतात नीट आत येईना. मला फुकटच्या पिझ्झाबरोबर मिळालेला प्रयोग तो हाच. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेलं आणखी एक काम जगदीश शुक्ला यांचं. पुण्याच्या हवामान संस्थेत काम करून अमेरिकेत आलेल्या शुक्लांनी याच प्रयोगशाळेचं प्रारूप वापरून अरबी समुद्र थंड केला, तर भारतातला पाऊस कमी झाला.

पण प्रश्न तिथे संपत नाही, आणि इथे एक मराठी नाव अभिमानानं घ्यायला हवं. पुण्यात जन्मलेल्या, फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या सुलोचना गाडगीळ हार्वर्डची डॉक्टरेट घेऊन १९७१ मध्ये भारतात परतल्या. पावसाळा म्हणजे समुद्राकडून तापलेल्या जमिनीकडे येणारं वारं, ही समजूत एडमंड हॅली यांच्या १६८६ सालच्या लेखापासून चालत आलेली आणि आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलेली. गाडगीळबाईंनी विचारलं, तसं असेल तर जमीन सर्वांत जास्त तापते ती मे महिन्यात, मग पाऊस तेव्हा का नाही? दुष्काळाच्या वर्षी तर जमीन आणखी तापते, मग पाऊस कमी का? १९८० मध्ये डी. आर. सिक्का यांच्यासोबत उपग्रहांची चित्रं तपासून त्यांनी दाखवलं की विषुववृत्ताजवळचा ढगांचा पट्टाच ऋतूप्रमाणे उत्तरेला सरकून आपल्यावर येतो. पाठ्यपुस्तकातल्या तीनशे वर्षांच्या उत्तरासमोर हात वर करणारी ही बाई आपली होती.

मग त्या ढगांच्या पट्ट्याच्या गोष्टीत हिमालयाचं काम काय? २०१० मध्ये हार्वर्डच्या दोन संशोधकांनी दाखवलं की तिबेटचं पठार तापण्यापेक्षा, हिमालयाची भिंत उत्तरेची कोरडी हवा अडवते हे जास्त महत्त्वाचं. म्हणजे १९७५ च्या प्रयोगाचा अर्थही पुन्हा तपासला गेला.

पाषाणला गेलेला कोड

माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्याला सर्वांत भावलेली गोष्ट पुढची. त्याच प्रयोगशाळेत कर्क ब्रायन यांनी समुद्राच्या प्रवाहांचं प्रारूप बांधलं आणि १९६९ मध्ये ते मानाबेंच्या हवेच्या प्रारूपाला जोडलं. ब्रायन यांच्या त्या कामातून पुढे प्रयोगशाळेचा समुद्राचा कोड वाढत गेला. तो जगभर वापरला गेला. पुण्यात पाषाणला असलेल्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेनं आपलं पृथ्वीचं प्रारूप बनवलं, त्यात समुद्राचा भाग याच वंशातला आहे. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय अहवालासाठी भारताकडून गेलेलं ते पहिलं प्रारूप. रूट वनवर जन्मलेला कोड पाषाणमध्ये आपला पावसाळा मोजतो आहे!

बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये १९५१ ते २००० या काळातल्या मध्य भारताच्या पावसाच्या नोंदी तपासल्या. एकूण पाऊस फारसा बदललेला नव्हता. पण एका दिवसात १०० मिलिमीटरच्या वर कोसळणारे दिवस वाढले होते आणि मध्यम, भिजपावसाचे दिवस घटले होते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला, तेव्हा इथून घरी फोन लागत नव्हते, ते आठवत असेलच.

प्रिन्स्टनमधल्या एका जाहीर व्याख्यानात हा आलेख मी पहिल्यांदा पाहिला. आण्णा फोनवर कधीचे सांगत होते, "पाऊस तेवढाच हाय, पडायची रीत बदलली." एका शेतकऱ्याची आठवण म्हणजे पुरावा नव्हे, हे मी आता शिकलो आहे. पण प्रश्न तिथूनच सुरू होतो.

२०१२-१३ मध्ये पुन्हा दुष्काळ आला. माणमध्ये चारा छावण्या लागल्या, आमची दोन जनावरंही छावणीत गेली. या वेळी आण्णांनी विचारलं तेव्हा मी पाऊस किती पडेल हे सांगितलं नाही. म्हटलं, "किती पडेल ते कुणाला ठाऊक नाही. पण पडेल तेव्हा एकदम पडेल, असं धरून चला. पडलेला धरून ठेवायची सोय करू." उरलेल्या एका एकराच्या कडेला शेततळं खणलं. चौकोनात आमचं गाव नव्हतं, तरी त्या खोल्यांमधून एवढं उत्तर मिळालं. ते २००४ मध्ये मिळालं असतं तर, हा विचार येतो. पण तेव्हा ते कोणाकडेच नव्हतं, आणि नाही म्हणून सांगणारा माणूस मला भेटला हे माझं भाग्य.

मंडळी, या खोल्या आपोआप चालू राहत नाहीत. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या वाणिज्य खात्यानं प्रिन्स्टनच्या हवामान संशोधनाची सुमारे ४० लाख डॉलरची मदत बंद करत असल्याचं जाहीर केलं. ज्यांचा कोड पाषाणला चालतो, त्यांचा निधी आटला तर आपल्यालाही त्याचं काहीतरी वाटायला हवं. तुमच्या गावात विद्यापीठ असेल तर जाहीर व्याख्यानांचं वेळापत्रक बघा. बहुतेक ठिकाणी प्रवेश खुला असतो. मुलांना न्या. त्यांना नुसतं ऐकायला नको, विचारायला सांगा.

मागच्या वर्षी माझ्या लेकीला अशाच एका व्याख्यानाला नेलं. ती दहावीत आहे आणि नॅपकिनची गोष्ट तिनं शंभर वेळा ऐकली आहे. प्रश्नोत्तरं सुरू झाल्यावर मी काही बोलायच्या आत तिचा हात वर! म्हणाली, "तुमच्या चौकोनात आता सह्याद्री दिसतो का?"

वक्त्या हसल्या. म्हणाल्या, आता चौकोन पंचवीस किलोमीटरचे, काही ठिकाणी त्याहूनही बारीक झालेत. घाट दिसतात, घाटापलीकडची कोरडी बाजूही दिसते. मात्र एखाद्या गावाचा दहा वर्षांनंतरचा पाऊस आजही सांगता येत नाही.

रात्री आण्णांना फोन केला आणि हे सांगितलं. आता ते थकलेत, ऐकूही कमी येतं. दोनदा सांगावं लागलं.

"घाट दिसाय लागला म्हनायचा," ते म्हणाले. "मग आमी कवा दिसणार?"

"दिसाल हळूहळू," मी म्हटलं. "तळ्यात पाणी किती आहे?"